म्हाताऱ्या पाळीव उंदराची देखभाल: सोलापुरातील नवख्यांसाठी

दीड वर्ष उलटले की पाळीव उंदीर म्हातारपणाकडे झुकला, असे धरून चालावे. त्याचे एकूण आयुष्यच दोन ते तीन वर्षांचे असल्यामुळे, माणसाच्या आजारात आपण सहज म्हणतो ते ‘दोन-चार दिवस वाट पाहू’ त्याच्या बाबतीत फार महागात पडते. सोमवारी किंचित घरघरणारी आमची चिंगी शुक्रवारी खाणे सोडून कोपऱ्यात पाठ फुगवून बसली होती, आणि मधले चार दिवस आम्ही ‘हवा बदलली असेल’ अशी स्वतःची समजूत घालत होतो. म्हातारा उंदीर बहुधा पूर्ण बरा होत नाही, परंतु त्याचे उरलेले महिने सुखाचे करता येतात, आणि त्यासाठी तो आजारी पडण्याच्या आधी त्याचे घर, खाणे आणि औषधपाणी बदलावे लागते. ते कोणत्या क्रमाने करावे, हे येथे सांगत आहे. लेख मुद्दाम पाळलेल्या उंदरांविषयी आहे, पोटमाळ्यावर किंवा गटारात वावरणाऱ्या उंदरांविषयी नाही.

पहिली पायरी: वजनाची वही

स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक वजनकाटा हे या कामातले सर्वांत उपयोगी साधन आहे. काट्यावर प्लास्टिकचा खोल डबा ठेवून आकडा शून्यावर आणावा, डब्यात उंदराला बसवावे आणि ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी वजन वहीत लिहावे. वाढ पूर्ण झालेली मादी साधारण 250 ते 350 ग्रॅम आणि नर 450 ते 650 ग्रॅम भरतो, पण या सर्वसाधारण आकड्यांपेक्षा आपल्याच उंदराचे मागच्या आठवड्याचे वजन अधिक महत्त्वाचे असते. वजन दहा टक्क्यांनी घटले, म्हणजे 400 ग्रॅमचा उंदीर 360 वर आला, तर बाहेरून तो कितीही ठणठणीत दिसत असला तरी आत काहीतरी बिघडले आहे. उलट, वजन वाढत असतानाही पाठीचा कणा हाताला लागू लागला, तर वाढलेले वजन गाठीचे असू शकते, म्हणून काट्याबरोबर हातानेही तपासावे.

दुसरी नोंद श्वासाची. झोपलेल्या उंदराचे श्वास मिनिटाला साधारण 70 ते 115 असतात आणि ते नुसत्या डोळ्यांनी मोजणे अवघड जाते. त्यामुळे मोबाइलवर पंधरा सेकंदांचे चित्रण करून ते संथ गतीने पाहावे, कुशीची हालचाल मोजावी आणि आकड्याला चाराने गुणावे. उंदीर निरोगी असताना असे एक चित्रण करून ठेवले तर पुढे तुलना करता येते आणि डॉक्टरांनाही ते दाखवता येते, कारण दवाखान्यात घाबरलेला उंदीर घरच्यासारखा श्वास घेत नाही.

दुसरी पायरी: पिंजरा जमिनीच्या जवळ आणणे

तरुणपणी दोन-तीन मजल्यांचा पिंजरा उंदराला आनंद देतो, म्हातारपणी मात्र तेथूनच तो पडतो. मागचे पाय ओढत चालण्याची पहिली खूण दिसण्याची वाट न पाहता वरचे मजले काढून टाकावेत किंवा ते एका वितीपेक्षा उंच राहणार नाहीत इतके खाली आणावेत. शिडीच्या जागी कापड गुंडाळलेली, कमी चढाची फळी लावावी. तळाला तारेची जाळी असेल तर ती पूर्ण झाकावी, कारण जाळीवर सतत बसून जड उंदरांच्या तळपायांना आधी लाल घट्टे पडतात आणि पुढे त्यांच्या जखमा होतात. त्या जखमा भरून येण्यास महिने लागतात.

अंथरुणाच्या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहेत. जुनी, अनेक धुण्यांनी मऊ पडलेली सोलापुरी चादर म्हाताऱ्या उंदरासाठी उत्तम असते, कारण ती जाड असते, ओल शोषते आणि उकळत्या पाण्यात धुता येते. तिच्या कडेच्या दशा मात्र आधी कापून टाकाव्यात, नाहीतर सुटा धागा बोटाभोवती गुंडाळला जाऊन बोटाचा रक्तपुरवठा थांबू शकतो. आपल्याकडचा टॉवेल तेवढाच प्रसिद्ध असला तरी त्याच्या फासांमध्ये वाढलेली नखे अडकतात, आणि अशक्त उंदीर सुटण्याच्या धडपडीत पाय मुरगाळून घेतो, म्हणून टॉवेल पिंजऱ्यात घालू नये. चादरीखाली वर्तमानपत्राचे थर घालावेत. लाकडाचा भुसा स्वस्त मिळतो, पण त्याची धूळ आणि चिडासारख्या लाकडांचा उग्र वास फुप्फुसांना त्रास देतो, तेव्हा तो टाळावा.

पाण्याची बाटली कितीही खाली टांगली तरी मान वर करून नळी चाटणे काही म्हाताऱ्या उंदरांना जमत नाही. त्यामुळे बाटलीबरोबर एक जड, बसकी वाटी ठेवावी आणि पाणी रोज बदलावे. शहरात नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे आपण ते साठवतो. हे साठवलेले पाणी उकळून, गार करून, झाकलेल्या वेगळ्या भांड्यात उंदरासाठी ठेवावे. त्याला दर 100 ग्रॅम वजनामागे दिवसाला सुमारे 10 मिलिलिटर पाणी लागते, त्यामुळे एक तांब्या कित्येक दिवस पुरतो.

तिसरी पायरी: उन्हाळ्याची तयारी फेब्रुवारीतच

सोलापुरात म्हाताऱ्या उंदराचा सर्वांत मोठा शत्रू एप्रिल-मेचा उन्हाळा आहे, आणि हा भाग सविस्तर लिहिण्याचे कारणही तेच. उंदराला माणसासारखा घाम येत नाही आणि कुत्र्यासारखे धापा टाकून तो अंग गार करू शकत नाही. तो शरीरातील उष्णता मुख्यतः शेपटीतून आणि कानांतून बाहेर टाकतो. 18 ते 26 अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते, 32 अंशांच्या पुढे त्याला धोका असतो, आणि आपल्याकडे पारा 40 च्या वर जाऊन आठवडेच्या आठवडे तिथे राहतो. ज्याची फुप्फुसे आधीच अधू आहेत, असा उंदीर अशी एक दुपारही सोसू शकत नाही.

पत्र्याच्या खोलीत दुपारी उंदीर ठेवूच नये. ज्यांचे जुने माळवदाचे घर आहे त्यांनी पिंजरा त्याच्या आतल्या खोलीत, जमिनीवर ठेवावा. इतरांनी तळमजल्यावरची, पश्चिमेचे ऊन न लागणारी खोली निवडावी. पिंजऱ्याच्या अर्ध्या भागात शहाबादी फरशीचा एक तुकडा ओला करून ठेवावा. उंदीर हवे तेव्हा त्यावर पोट टेकून पडतो आणि नको झाले की उठून चादरीवर जातो. ही निवड त्याच्याकडे राहणे आवश्यक आहे, म्हणून संपूर्ण तळ गार करू नये. आपली हवा कोरडी असल्यामुळे कूलर चांगले काम करतो, पण त्याचा झोत थेट पिंजऱ्यावर नसावा. वीज गेली तर हाताशी असावी म्हणून पाण्याची एक बाटली कायम गोठवलेली ठेवावी आणि ती कापडात गुंडाळून पिंजऱ्यात आडवी ठेवावी. नुसत्या पंख्याने मात्र फारसे काही साधत नाही, कारण ज्याला घाम येत नाही त्याला गरम हवेचा वारा गार करत नाही.

उंदीर आडवा पडून तोंडाने श्वास घेत असेल, शेपूट गरम लागत असेल आणि तो हाक मारूनही हलत नसेल, तर ऊन बाधले आहे असे समजावे. त्याला सावलीत आणून शेपूट, पाय आणि कान साध्या गार पाण्याने भिजवावेत. बर्फाचे पाणी वापरू नये, कारण त्याने रक्तवाहिन्या आखडतात आणि आतली उष्णता आतच राहते. शुद्धीवर असेल तरच ओठांवर पाण्याचे थेंब द्यावेत आणि लगेच दवाखाना गाठावा.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींचाही थोडा विचार करावा. रोडावलेल्या उंदराच्या अंगावर चरबी उरलेली नसते, तेव्हा चादरीची दुहेरी घडी आणि कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली पुरेशी होते. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतील शोभेच्या दारूकामाच्या रात्री, दिवाळीत आणि मिरवणुकांच्या दिवशी पिंजरा रस्त्याकडच्या खोलीतून आत न्यावा. उंदराचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतात.

चौथी पायरी: खाणे

उंदीर दिवसाला साधारण 15 ते 20 ग्रॅम कोरडे अन्न खातो. उंदरांसाठी तयार मिळणारे गोळीखाद्य मिळत असेल तर तोच आहाराचा पाया ठेवावा आणि म्हातारपणी त्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून मऊ कराव्यात. त्याला जोड म्हणून आपल्या घरात जे आहे ते पुष्कळ उपयोगी पडते. ज्वारीची ताजी मऊ भाकरी कुस्करून, मुगाच्या डाळीची मीठ-फोडणी नसलेली खिचडी, उकडलेला लाल भोपळा, काकडी, आणि डाळिंबाचे चार-पाच दाणे आमच्या उंदरांनी शेवटच्या आठवड्यातही आवडीने खाल्ले. कडक भाकरी तरुण उंदराला कुरतडण्यासाठी चांगली, म्हाताऱ्याला ती भिजवूनच द्यावी. शेंगाचटणीचा वास उंदराला वेड लावतो, पण त्यातील मीठ, तिखट आणि लसूण त्याच्यासाठी नाही.

उंदराला उलटी होत नाही, ही गोष्ट नवख्यांनी पक्की लक्षात ठेवावी. त्यामुळे घशात अडकलेला घास तो सहज बाहेर टाकू शकत नाही, आणि म्हातारपणी गिळण्याची ताकद कमी झाली की पेढा, शेंगदाण्याचे लोणी किंवा घट्ट लगदा यांसारखे चिकट पदार्थ धोक्याचे ठरतात. लाळ गळणे, हनुवटी छातीशी ओढणे आणि पंजांनी तोंड ओरबाडणे या घास अडकल्याच्या खुणा आहेत. कच्चा राजमा, हिरवट झालेला बटाटा आणि चॉकलेट देऊ नये. नरांना संत्र्याची साल देऊ नये.

वय वाढते तसे मूत्रपिंडांचे काम मंदावते आणि हा त्रास नरांमध्ये अधिक दिसतो. उंदीर खूप पाणी पिऊ लागला, अंथरूण पूर्वीपेक्षा जास्त ओले होऊ लागले आणि वजन उतरू लागले, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने अंडे, मांस यांसारखी जास्त प्रथिने कमी करावीत. पाणी मात्र कधीही कमी करू नये.

पाचवी पायरी: आजार ओळखणे

नाकाभोवती आणि डोळ्यांभोवती लालसर पापुद्रे दिसले की नवखी माणसे रक्त समजून घाबरतात. ते रक्त नसते. डोळ्यामागील हार्डेरियन ग्रंथीतून पोर्फिरिन नावाचा तांबडा स्राव येतो आणि ताण किंवा आजार असला की तो वाढतो. निरोगी उंदीर तो पुसून टाकतो, त्यामुळे तो साचू लागला याचा अर्थ उंदराला अंग चाटूनपुसून स्वच्छ ठेवण्याची ताकद उरलेली नाही. ओल्या कापसाने तो पुसावा आणि मूळ कारण शोधावे.

ते कारण बहुतेक वेळा छातीत असते. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जिवाणू जवळजवळ सर्वच पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात दबा धरून असतो, तो समूळ जात नाही आणि वय झाले की डोके वर काढतो. सुरुवातीला शिंका, मग घरघर, मग कुशी आत ओढून घेतलेले श्वास, असा तो वाढत जातो. त्यावर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सासिन ही औषधे अनेकदा एकत्र आणि काही आठवडे देतात. उंदराला बरे वाटू लागले म्हणून आपण ती मधेच थांबवू नयेत. डॉक्सिसायक्लिन दूध किंवा दह्याबरोबर देऊ नये, कारण त्यातील कॅल्शियमने औषध अंगी लागत नाही. लघवीतून सुटणारा अमोनिया हा आजार वाढवतो, म्हणून अंथरूण रोज बदलावे. शहराच्या पूर्व भागात ज्यांच्या घराला लागून यंत्रमाग आहेत किंवा ज्यांच्या घरात विड्या वळल्या जातात, त्यांनी पिंजरा सुताच्या आणि तंबाखूच्या धुळीपासून दूर ठेवावा. उदबत्ती, धूप आणि डासांची अगरबत्ती त्या खोलीत लावूच नये. आमच्या घरी देवघर दुसऱ्या खोलीत हलवल्यावर दोन आठवड्यांत चिंगीच्या शिंका कमी झाल्या होत्या.

माद्यांमध्ये दुसरी मोठी अडचण स्तनांच्या गाठींची असते. उंदराच्या मादीची स्तनग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत पसरलेली असल्यामुळे गाठ काखेत, खांद्याजवळ किंवा पोटाखाली कुठेही येऊ शकते. त्यातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण त्या झपाट्याने वाढतात आणि चालणे अशक्य करतात. गाठ सुपारीएवढी असताना काढणे सोपे जाते, लिंबाएवढी झाल्यावर अवघड. एका रात्रीत उठलेली, गरम आणि दुखरी गाठ मात्र पू धरलेला गळू असण्याची शक्यता जास्त असते आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

मान एकीकडे कलली असेल तर उंदराच्या हातात खाऊ देऊन पाहावे. कान आतून पिकला असेल तर उंदीर गोल फिरतो, तोल जाऊन पडतो, पण दोन्ही हातांनी खाऊ नीट धरतो. हे औषधाने आटोक्यात येते, मान थोडी वाकडी राहिली तरी तो छान जगतो. हातातून खाऊ निसटू लागला, पुढचे पाय ताठ झाले आणि तो गोंधळल्यासारखा वागू लागला, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीच्या गाठीची शंका घ्यावी लागते, आणि तेथे औषधाने थोडा काळच मिळतो.

नरांचे मागचे पाय हळूहळू जाणे हे मात्र बहुधा वेदनेविना होते. आमचा भुऱ्या मागचे दोन्ही पाय ओढत तीन महिने जगला, खाण्याच्या वाटीकडे रोज पहिला तोच पोहोचे, आणि कुणी त्याला ‘बिचारा’ म्हटले की आम्हाला ते पटत नसे.

सहावी पायरी: डॉक्टर आणि औषधे

उंदीर आजारी पडण्यापूर्वीच डॉक्टर शोधून ठेवावा. शहरातील पशुवैद्यांकडे प्रामुख्याने कुत्री, मांजरे आणि गाई-म्हशी येतात, त्यामुळे फोन करून ‘आपण उंदीर, ससा किंवा गिनीपिग तपासता का’ असे स्पष्ट विचारावे. एका दवाखान्यात आम्हाला ‘उंदरावर कशाला खर्च करता’ असे ऐकावे लागले होते आणि दुसऱ्या ठिकाणी तितक्याच आपुलकीने अर्धा तास तपासणी झाली, म्हणून एका नकाराने थांबू नये. जे काम येथे होत नाही, विशेषतः शस्त्रक्रिया, त्यासाठी पुण्यातील छोट्या प्राण्यांचे डॉक्टर गाठावे लागतात. सुमारे 250 किलोमीटरचा तो प्रवास उन्हाळ्यात पहाटे अंधारातच सुरू करावा आणि वाटेत पाण्याऐवजी काकडीचे काप द्यावेत, म्हणजे अंथरूण भिजत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी ‘रात्रीपासून उपाशी ठेवा’ असे सांगितले गेले तर नम्रपणे पुन्हा विचारावे. तो नियम उलटी होणाऱ्या प्राण्यांसाठी असतो, उंदराला उलटी होत नाही आणि इतक्या लहान शरीराला उपासच धोकादायक ठरतो.

माणसांच्या औषधांच्या डब्याला हात लावू नये. साठ किलोच्या माणसापेक्षा 400 ग्रॅमचा उंदीर दीडशे पटींनी हलका असतो, आणि गोळीचा दीडशेवा भाग अंदाजाने मोडता येत नाही. मात्रा डॉक्टरांनी आजच्या वजनावरून ठरवलेली असावी. औषध सुई काढलेल्या एक मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये घ्यावे, उंदराला कापडात सैलसर गुंडाळावे आणि तोंडाच्या बाजूने, दातांच्या मागे, थेंब थेंब सोडावे. समोरून एकदम ढकलले तर ते श्वासनलिकेत जाते. कुस्करलेल्या केळ्यात कालवलेले औषध पुष्कळ उंदीर स्वतःच चाटून घेतात, तेव्हा आधी तेच करून पाहावे.

शेजाऱ्यांनाही विश्वासात घ्यावे. वाड्यात किंवा चाळीत उंदरांसाठी विषाचे गोळे टाकले जात असतील तर आपला उंदीर खोलीबाहेर मोकळा सोडू नये. रक्त पातळ करणाऱ्या विषाचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात आणि वेळीच गेल्यास त्यावर जीवनसत्त्व ‘के’चा उतारा आहे, झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या विषावर मात्र उतारा नाही. बाहेरच्या उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा माणसांनाही होणारा आजार पसरतो, म्हणून पिंजऱ्याजवळ त्यांचा वावर होऊ देऊ नये आणि पिंजरा साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत.

सातवी पायरी: रोजची शुश्रूषा

पाय अधू झालेल्या उंदराचे मागचे अंग लघवीने भिजते आणि कातडी सोलवटते. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती कापडाने पुसून, पूर्ण कोरडे करून, खोबरेल तेलाचे अगदी पातळ बोट फिरवावे. तो हे तेल चाटणारच, म्हणून कोणतेही औषधी मलम स्वतःहून लावू नये. नखे दर पंधरा दिवसांनी पाहावीत. समोरचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते पिवळसर-नारिंगी असतात आणि तो रंग आजाराचा नाही, पण ते वाकडे वाढून खाणे अडत असेल तर डॉक्टरांकडून कापून घ्यावेत. ज्याला मागच्या पायाने कान खाजवता येत नाहीत, त्याचे कान आपण बोटाने हलकेच खाजवावेत. भुऱ्या त्या वेळी डोळे मिटून दात करकर वाजवत असे, आणि उंदराच्या बाबतीत ते बहुधा समाधानाचे लक्षण असते.

आजारी उंदराला, रोग नव्याने आलेला आणि संसर्गजन्य नसेल तर, सोबत्यापासून वेगळे करू नये. सोबती त्याला चाटतो, ऊब देतो. मात्र तरुण, दांडगा उंदीर म्हाताऱ्याला सारखा उलथवत असेल तर दिवसातील काही तास त्याला शांतता द्यावी.

शेवटचे दिवस

वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात: स्वतःहून खाल्ले का, श्वास शांत होता का, हाकेला आला का, अंग स्वच्छ ठेवले का. सलग दोन दिवस चारही उत्तरे नकारार्थी आली, किंवा श्वासासाठी तोंड उघडावे लागू लागले, तर दयामरणाविषयी डॉक्टरांशी बोलावे. आधी भूल देऊन पूर्ण बेशुद्ध करणार का, हे नक्की विचारावे आणि तसे करण्याचा आग्रह धरावा. शुद्धीत असलेल्या उंदराला थेट हृदयात इंजेक्शन देऊ देऊ नये.

गेल्यानंतर शरीर काही वेळ पिंजऱ्यात, सोबत्याजवळ ठेवावे. तो हुंगतो, कधी चाटतो, कधी चादर ओढून झाकतो, आणि मग शोधत फिरत नाही. पुरायचे असल्यास सुती कापडात गुंडाळून, कुत्री उकरणार नाहीत असा दोन फूट खोल खड्डा घ्यावा आणि वर दगड ठेवावा. मागे राहिलेल्या उंदराचे वजन पुढचे दोन आठवडे रोज करावे, कारण पुष्कळदा तो खाणे कमी करतो. चिंगी गेल्यावर भुऱ्याचे आठ दिवसांत तीस ग्रॅम कमी झाले होते, आणि त्याच्या वाटीजवळ रोज संध्याकाळी कोणीतरी बसू लागल्यावरच तो पुन्हा पोटभर खाऊ लागला.